रेणू फुटताना आधी काय हलते?

हायड्रोजनच्या रेणूतील दोन्ही इलेक्ट्रॉन एकदम काढून घेतले, तर मागे उरलेले दोन प्रोटॉन किती ऊर्जेने एकमेकांपासून दूर फेकले जातील, याचे उत्तर कागदावर दोन ओळींत मिळते. एक अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग, एवढ्या अंतरावरील दोन एकक प्रभारांची स्थितिज ऊर्जा १४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. हायड्रोजनच्या रेणूत प्रोटॉनांमधील अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम असल्यामुळे ती सुमारे १९.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, आणि दोन्ही प्रोटॉन सारख्याच वस्तुमानाचे असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला ९.७ येते. प्रत्यक्षात मात्र तीस-चाळीस फेम्टोसेकंदांच्या तीव्र लेसर स्पंदाने हा रेणू फोडला, तर बाहेर पडणाऱ्या प्रोटॉनांच्या बहुतेक जोड्यांकडे दोघांची मिळून अवघी काही इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सापडते. मोजमाप कितीही काळजीपूर्वक केले तरी ही तूट भरून निघत नाही. शेवटचा इलेक्ट्रॉन निघून गेला त्या क्षणी प्रोटॉन एकमेकांजवळ नव्हते, ते आधीच बरेच दूर सरकलेले होते, असा तिचा अर्थ आहे. तीव्र प्रकाशाने रेणू फुटतो तेव्हा आधी काय हलते आणि मागाहून काय, हा क्रमच या विषयाचा गाभा आहे असे मला वाटते, आणि या लेखात मी तोच धरून जाणार आहे.

क्रम समजून घ्यायचा तर आधी कालमापने समोर हवीत. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग. या प्रयोगांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टायटेनियम-सफायर लेसरची तरंगलांबी सुमारे ८०० नॅनोमीटर असते, आणि त्या प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राचे एक संपूर्ण दोलन २.७ फेम्टोसेकंदांत पुरे होते. हायड्रोजनच्या रेणूचे एक कंपन साधारण ८ फेम्टोसेकंदांचे, नायट्रोजनचे १४, तर आयोडीनच्या जड रेणूचे सुमारे १५६ फेम्टोसेकंदांचे असते. म्हणजे ४० फेम्टोसेकंदांचा स्पंद हायड्रोजनच्या दृष्टीने बराच दीर्घ ठरतो, कारण तेवढ्या वेळात त्याची पाच कंपने होऊन जातात. आयोडीनच्या दृष्टीने मात्र तोच स्पंद एका कंपनाच्या चौथ्या हिश्श्याएवढा असतो आणि त्याची अणुकेंद्रके त्या अवधीत फारशी हलू शकत नाहीत. 'अतिजलद' हे विशेषण लेसरच्या माहितीपत्रकात एकटे शोभत असेल, पण कोणत्या रेणूच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय भौतिकीत त्याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरे माप तीव्रतेचे. अशा एका स्पंदातील एकूण ऊर्जा साधारण एक मिलिज्यूल, म्हणजे अगदी क्षुल्लक असते. पण ती २५ फेम्टोसेकंदांत कोंबली, की स्पंद टिकेल तेवढ्या वेळापुरती शक्ती ४० अब्ज वॅट होते, आणि तो झोत तीस मायक्रोमीटर त्रिज्येच्या ठिपक्यावर एकवटला, की तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १० चा १५ वा घात इतक्या वॅटपर्यंत पोहोचते. ही तीव्रता सहज हाती येण्यामागे डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये मांडलेली युक्ती आहे: स्पंद आधी काळात ताणून पसरट करायचा, मग त्याचे वर्धन करायचे, आणि शेवटी तो पुन्हा आकसून घ्यायचा, म्हणजे वर्धन करणारा स्फटिक जळत नाही. या कामासाठी दोघांना २०१८ च्या भौतिकीच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. रेणूला मात्र वॅट कळत नाहीत. त्याला कळते ते विद्युतक्षेत्र. १० चा १४ वा घात एवढ्या तीव्रतेला प्रकाशाचे विद्युतक्षेत्र दर अँगस्ट्रॉमला सुमारे २.७ व्होल्ट असते. एका बंधाची लांबी अँगस्ट्रॉमच्या आसपास आणि त्याची ऊर्जा काही इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, हे लक्षात घेतले, तर रेणूला एकत्र धरून ठेवणाऱ्या बलांशी बरोबरी करणारे बल आता बाहेरून येत आहे, आणि तेही दर १.३ फेम्टोसेकंदांनी दिशा उलटत येत आहे, हे ध्यानात येते.

पहिला इलेक्ट्रॉन कसा निघतो? नायट्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला १५.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, तर ८०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनकडे १.५५ असतात. एका बाजूने पाहिले तर रेणूने अकरा फोटॉन एकत्र गिळले असे म्हणता येते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर क्षेत्राने इलेक्ट्रॉनला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या भिंतीची एक कड खाली ओढली, भिंत पातळ झाली आणि इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही, तिच्यातून बाहेर निसटला. या दोन चित्रांमधील नाते लिओनिद केल्डिश यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक एकाहून बराच मोठा असेल तर फोटॉन मोजण्याची भाषा सोयीची ठरते आणि बराच लहान असेल तर टनेलिंगची. आपण वर घेतलेल्या आकड्यांसाठी तो जवळपास एकच येतो, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग बहुधा या दोन भाषांच्या सीमेवर घडतात. मला स्वतःला येथे टनेलिंगची भाषा अधिक उपयोगी वाटते, कारण ती वेळ सांगते. इलेक्ट्रॉन निसटण्याची शक्यता क्षेत्राच्या शिखराजवळच एकवटलेली असते, त्यामुळे दर अर्ध्या दोलनाला एक छोटी संधी मिळते आणि उरलेल्या वेळात जवळजवळ काहीच घडत नाही.

पहिला इलेक्ट्रॉन जाण्याला अणुकेंद्रकांच्या हालचालीची गरज नसते. पण तो गेल्यावर अणुकेंद्रके स्वस्थ राहू शकत नाहीत. हायड्रोजनचा रेणू फोडायला ४.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागत होते. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणू-आयनाला २.६५ पुरतात. समतोलाचे अंतरही ०.७४ अँगस्ट्रॉमवरून १.०६ वर जाते. नवा आयन आपल्या दृष्टीने आकसलेल्या अवस्थेत जन्माला येतो आणि ताबडतोब प्रसरण पावू लागतो. येथपर्यंत लेसरचा हात केवळ सुरुवातीपुरता आहे. पुढे मात्र लेसर त्या बंधाचे स्वरूपच बदलतो.

या आयनाच्या दोन इलेक्ट्रॉनी अवस्था येथे महत्त्वाच्या आहेत: एक बंध घडवणारी आणि दुसरी बंधविरोधी. प्रकाश त्या दोघींना जोडतो, कारण इलेक्ट्रॉनला एका प्रोटॉनकडून दुसऱ्याकडे हेलकावत नेणे म्हणजेच या दोन अवस्थांचे मिश्रण करणे होय. बंधविरोधी अवस्थेची ऊर्जा एका फोटॉनएवढी खाली आणून दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढले, तर ते एका ठिकाणी एकमेकांना छेदतात. क्षेत्र क्षीण असताना हा छेद तसाच राहतो. क्षेत्र वाढत जाते तसे दोन्ही वक्र छेदाच्या जागी एकमेकांपासून फाकतात, आणि खालच्या वक्राची भिंत ढासळत जाते. ज्या कंपन-पातळ्या एरवी सुरक्षितपणे बांधलेल्या असत्या, त्यांना आता बाहेर जायला वाट मिळते. फिलिप बक्सबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रयोगाने दाखवलेला हाच तो बंधाचा मऊपणा. तीव्रता आणखी वाढली, तर तीन फोटॉनांच्या छेदापाशीही अशीच वाट उघडते आणि तेथून निघालेला रेणू जाता जाता एक फोटॉन परत देऊन टाकतो. त्यामुळे प्रोटॉनांच्या ऊर्जेच्या आलेखात एक फोटॉन घेतलेले आणि निव्वळ दोन फोटॉन घेतलेले असे वेगवेगळे उंचवटे दिसतात. दुसरा इलेक्ट्रॉन अजून गेलेला नाही, दोन उघड्या प्रभारांनी एकमेकांना ढकलणे, म्हणजे कूलोम प्रतिकर्षण, अजून सुरू झालेले नाही, तरीही रेणू फुटतो आहे, ही बाब विसरता कामा नये. सगळ्याच तुटण्याला 'कूलोम स्फोट' म्हणणे त्यामुळे बरोबर नाही.

आता सुरुवातीच्या तुटीकडे येऊ. आयन ताणला जात असताना लेसर चालूच आहे, आणि दुसरा इलेक्ट्रॉन काढण्याची संधी दर अर्ध्या दोलनाला येतेच आहे. मग तो नेमका कधी निघेल? अणुकेंद्रके जवळ असताना उरलेला इलेक्ट्रॉन दोन्ही प्रोटॉनांच्या संयुक्त ओढीत खोल बसलेला असतो आणि त्याला काढणे कठीण असते. अणुकेंद्रके फार दूर गेली की तो कोणत्या तरी एका प्रोटॉनजवळ, साध्या हायड्रोजन अणूसारखा, १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टने बांधलेला राहतो. या दोन टोकांच्या मध्ये काही तरी सावकाश, एकसारखे बदलत जाईल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात मध्येच एका अंतरावर आयनीभवनाचा वेग दोन्ही टोकांपेक्षा अनेक पटींनी वाढतो.

कारण समजायला दोन शेजारी ऊर्जाविवरे, प्रत्येक प्रोटॉनच्या ओढीचे एक, डोळ्यांसमोर आणावीत. रेणूच्या अक्षाच्या दिशेने बाहेरचे क्षेत्र लागले की एक विवर वर उचलले जाते आणि दुसरे खाली जाते. अंतर कमी असताना इलेक्ट्रॉन क्षेत्राबरोबर लगेच खालच्या विवरात सरकतो. अंतर वाढत जाते तसा दोन्ही विवरांमधील बांध उंचावतो, दोन विवरांमधील ये-जा मंदावते, आणि क्षेत्राने दिशा उलटल्यावर इलेक्ट्रॉनचा काही भाग वरच्या विवरातच अडकून पडतो. वर उचलल्या गेलेल्या त्या पातळीची ऊर्जा आता मधल्या बांधाच्या माथ्याएवढी आणि पलीकडच्या उताराहून उंच झालेली असते, म्हणून त्याला शेजारच्या प्रोटॉनवरून थेट बाहेर पडता येते; टनेलिंगची गरजही फारशी राहत नाही. अंतर यापेक्षा वाढले, की मधला बांध पुन्हा जाड होतो आणि ही वाट बंद होते. १९९५ मध्ये त्सुओ आणि बँड्राउक यांनी, तसेच साइडमन, इव्हानोव्ह आणि कॉर्कम यांनी ही प्रक्रिया सैद्धांतिक पातळीवर स्पष्ट केली. हायड्रोजनच्या आयनासाठी हे निर्णायक अंतर साधारण ३.७ ते ५.३ अँगस्ट्रॉमच्या दरम्यान येते. ४.५ अँगस्ट्रॉम घेतले तर १४.४ भागिले ४.५, म्हणजे ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. प्रयोगात सापडणारी ऊर्जा नेमकी याच टप्प्यातील असते. ताणले जाताना मिळालेल्या थोड्या ऊर्जेची त्यात भर पडते, आणि हिशेब जुळतो.

या हिशेबात मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की तो उलटाही वापरता येतो. बाहेर आलेल्या प्रोटॉनांची ऊर्जा माहीत असेल, तर शेवटचा इलेक्ट्रॉन निघाला त्या क्षणीचे अंतर कळते. अंतर कळले, की तेथवर पोहोचायला लागलेला वेळ कळतो. एका इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने परस्परांपासून दूर जाणाऱ्या दोन प्रोटॉनांमधील अंतर एका फेम्टोसेकंदात सुमारे ०.२ अँगस्ट्रॉमने वाढते, म्हणजे एका अँगस्ट्रॉमवरून साडेचारवर जायला सतरा-अठरा फेम्टोसेकंद हवेत. ४० फेम्टोसेकंदांच्या स्पंदात तेवढा वेळ असतो. सहा-सात फेम्टोसेकंदांच्या स्पंदात तो नसतो, आणि म्हणून अशा छोट्या स्पंदांनी केलेल्या प्रयोगांत प्रोटॉनांची ऊर्जा वर चढते आणि सुरुवातीच्या कागदी उत्तराच्या दिशेने सरकते. म्हणजे प्रोटॉनांची ऊर्जा हेच येथे घड्याळ आहे. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक उपकरणाने एवढे छोटे अवधी थेट मोजणे शक्य नसताना निव्वळ तुकड्यांच्या वेगांवरून हा क्रम उलगडला गेला, याचे कौतुक पुरेसे होत नाही असे मला वाटते.

नायट्रोजन, क्लोरीन, आयोडीन यांसारख्या अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंमध्ये हेच अधिक पायऱ्यांनी घडते. बंध ताणला जातो, त्यामुळे आणखी एक इलेक्ट्रॉन निघतो. तो निघाल्याने प्रतिकर्षण वाढते, त्यामुळे बंध आणखी वेगाने ताणला जातो. यातील एक निरीक्षण जुन्या काळापासून बुचकळ्यात टाकत होते: तुकड्यांवर एक-एक प्रभार असो, दोन-एक असो की दोन-दोन, मोजलेली ऊर्जा ही समतोल अंतरावरून काढलेल्या कूलोम ऊर्जेच्या जवळपास ठरावीक अपूर्णांकाएवढीच येत असे. निर्णायक अंतराची कल्पना मान्य केली, की हे आपोआप सुटते, कारण मग सगळे मार्ग साधारण त्याच ताणलेल्या अंतरावरून सुटतात.

तुकडे मोजायचे कसे, हे सांगितल्याशिवाय हे सारे हवेत राहील. वायूचा एक अतिशय बारीक आणि थंड झोत निर्वात कक्षात सोडला जातो आणि लेसरचा केंद्रबिंदू त्याला छेदतो. तेथे तयार झालेल्या आयनांना एक स्थिर विद्युतक्षेत्र डिटेक्टरकडे ढकलते. आयन पोहोचायला लागणारा वेळ त्याच्या वस्तुमान-प्रभार गुणोत्तराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, आणि त्या वेळेतील लहानसा फरक त्याचा सुरुवातीचा वेग सांगतो. डिटेक्टरवर तो कोठे आदळला हेही नोंदवले, तर संवेगाचे तिन्ही घटक हाती येतात. फ्रँकफर्ट येथे होर्स्ट श्मिट-ब्योकिंग आणि राइनहार्ड ड्योर्नर, तसेच योआखिम उल्रिख यांनी विकसित केलेल्या 'प्रतिक्रिया सूक्ष्मदर्शका'चे तत्त्व हेच. कक्षातील निर्वात अतिशय उच्च प्रतीचा लागतो, कारण उरलेल्या हवेतील पाण्याचे आणि हायड्रोजनचे रेणूही लेसरखाली तितक्याच तत्परतेने फुटतात.

पण एकेकटा तुकडा मोजून भागत नाही. एक प्रभार असलेला नायट्रोजनचा अणू आणि दोन प्रभार असलेला नायट्रोजनचा अखंड रेणू यांचे वस्तुमान-प्रभार गुणोत्तर सारखेच, म्हणजे १४, असते; दोघेही एकाच वेळी डिटेक्टरवर पोहोचतात. त्यांना वेगळे करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच स्पंदात जोडीदार सापडतो का ते पाहणे. एकाच रेणूचे दोन तुकडे असतील तर त्यांच्या संवेगांची बेरीज जवळजवळ शून्य यायलाच हवी. याकरिता लेसरची आणि वायूची मात्रा इतकी कमी ठेवतात, की एका स्पंदात सरासरीने एकापेक्षा कमी रेणू फुटावा. दुसरा मार्ग १९८९ मध्ये लेझेक फ्रासिन्स्की, कीथ कॉडलिंग आणि पॉल हॅथर्ली यांनी दाखवला: स्पंदामागून स्पंद संख्या वर-खाली होत असताना कोणते दोन संकेत एकत्र वाढतात आणि एकत्र घटतात, याचा सहविचरण नकाशा काढायचा. त्यात एका स्पंदात अनेक रेणू फुटले तरी चालते. आज मोठ्या रेणूंकडे जाताना हीच पद्धत पुन्हा महत्त्वाची ठरली आहे.

दोन सावधगिऱ्या येथेच नोंदवतो. लेसरच्या केंद्रबिंदूत सगळीकडे तीव्रता सारखी नसते. सर्वोच्च तीव्रतेची जागा अगदी लहान असते आणि तिच्याभोवतीचा कमी तीव्रतेचा भाग आकारमानाने कितीतरी मोठा असतो, त्यामुळे कोणताही मोजलेला आलेख अनेक तीव्रतांची सरमिसळ असतो. दुसरे असे, की सरळ ध्रुवीकरण असलेल्या, म्हणजे ज्याचे विद्युतक्षेत्र एकाच रेषेत हेलकावते अशा, प्रकाशात तुकडे प्रामुख्याने क्षेत्राच्या दिशेने उडताना दिसतात, पण त्यामागे दोन वेगळी कारणे असू शकतात: मुळातच त्या दिशेने असलेले रेणू अधिक सहज आयनीभूत झाले असतील, किंवा क्षेत्राने रेणूंना फिरवून त्या दिशेला आणले असेल. हायड्रोजनचा एक फेरा पिकोसेकंदाच्या (हजार फेम्टोसेकंदांच्या) पाव हिश्श्याच्या आसपास होतो, म्हणून तो स्पंद चालू असतानाच बराचसा वळू शकतो. आयोडीनला त्यासाठी शेकडो पिकोसेकंद लागतात, म्हणून त्याच्या बाबतीत पहिलेच कारण अधिक संभवते.

तुकड्यांच्या वेगांवरून रेणूची मूळ रचना काढता येईल का, हा प्रश्न लेसरने असे चित्रण करण्याच्याही आधीचा आहे. वाइझमान संस्थेतील झीव वागर यांनी रॉन नामान आणि इलियट कँटर यांच्यासह १९८९ मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यात वेगवान रेणू-आयन एका अतिशय पातळ पापुद्र्यातून नेले जातात. पलीकडे पोहोचेपर्यंत, म्हणजे फेम्टोसेकंदापेक्षाही कमी वेळात, इलेक्ट्रॉन खरवडले जातात आणि अणुकेंद्रकांना हलायला अवधीच मिळत नाही. लेसरने तेच साधायचे, तर स्पंद अतिशय छोटा हवा. २००५ मध्ये लेगारे आणि सहकाऱ्यांनी ८ फेम्टोसेकंदांच्या स्पंदांनी जड पाणी आणि सल्फर डायऑक्साइड यांचे असे चित्रण केले. २०१३ मध्ये ब्रोमोक्लोरोफ्लुओरोमिथेनचे पाचही अणू एकाच वेळी आयनरूपात पकडून, समोर आलेला एकेक रेणू, एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असलेल्या दोन रूपांपैकी, डावा आहे की उजवा, हे थेट सांगता आले. रसायनशास्त्रात डाव्या-उजव्या रचनेचा निर्णय एरवी आडवळणाने घ्यावा लागतो. तो येथे एकेका रेणूच्या पाच संवेगांवरून होतो, आणि माझ्या दृष्टीने ही या पद्धतीची सर्वांत देखणी फलश्रुती आहे.

अर्थात प्रभार कमी असताना 'कूलोम' हे नाव फसवे ठरते. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला नायट्रोजनचा रेणू लगेच फुटलाच पाहिजे असे नाही; त्याच्या काही अवस्थांत उरलेल्या बंधाची ओढ प्रतिकर्षणापुढे एक बांध उभा करते, आणि तो रेणू अखंड राहून डिटेक्टरपर्यंतचा कित्येक मायक्रोसेकंदांचा प्रवास पुरा करतो. प्रभार वाढत जातो तसे हे रासायनिक अवशेष पुसले जातात आणि बिंदुप्रभारांचा साधा नियम खरा ठरू लागतो. म्हणूनच क्ष-किरण लेसर या क्षेत्रात आले तेव्हा चित्र एकदम बदलले. स्टॅनफर्ड येथील क्ष-किरण लेसरने मिथाइल आयोडाइडच्या एका रेणूतून तब्बल ५४ इलेक्ट्रॉन काढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. क्ष-किरण जवळपास सगळे आयोडीनच शोषतो, पण रिकामा होत गेलेला आयोडीन शेजारच्या मिथाइल गटाचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि तेही गमावतो. त्यामुळे तेवढ्याच शोषणक्षमतेच्या एकट्या अणूपेक्षा रेणू अधिक इलेक्ट्रॉन हरवतो. २०२२ मध्ये युरोपीय क्ष-किरण लेसरवर आयोडोपिरिडीनच्या अकरा अणूंचे, हायड्रोजनसह, स्पष्ट चित्र मिळाले.

इकडे दृश्य आणि अवरक्त प्रकाशाच्या लेसरने वेगळा मार्ग धरला. स्पंद दोन दोलनांएवढा छोटा झाला, की त्याच्या आवरणाच्या माथ्यावर क्षेत्राचे शिखर येते की दरी, याने फरक पडू लागतो. मॅथियास क्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ५ फेम्टोसेकंदांच्या स्पंदांनी जड हायड्रोजनचा रेणू तोडताना केवळ ही कला, म्हणजे आवरणाच्या मानाने क्षेत्राच्या शिखराची जागा, बदलली, आणि प्रभारित तुकडा कधी एका दिशेला तर कधी विरुद्ध दिशेला अधिक जाऊ लागला. फुटण्याच्या शेवटच्या क्षणी उरलेला इलेक्ट्रॉन कोणत्या अणुकेंद्रकाकडे राहील, हे क्षेत्राच्या आकाराने ठरवता आले.

बाहेर काढलेला इलेक्ट्रॉनही कायमचा गेलेला नसतो. क्षेत्राने दिशा बदलली की तो परत फेकला जातो आणि निघाल्यापासून साधारण १.७ फेम्टोसेकंदांत आपल्याच रेणूवर येऊन आदळू शकतो. पॉल कॉर्कम यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या या चित्रातून या क्षेत्रातील फार मोठे काम उभे राहिले. परतणारा इलेक्ट्रॉन दुसरा इलेक्ट्रॉन उडवू शकतो, रेणूला उत्तेजित अवस्थेत ढकलू शकतो, किंवा अणुकेंद्रकांवरून विखुरला जाऊन त्यांच्या जागा सांगू शकतो. २०१६ मध्ये ॲसिटिलीनवर केलेल्या अशाच प्रयोगात, दोन इलेक्ट्रॉन गेल्यानंतर ९ फेम्टोसेकंदांनी कार्बन-हायड्रोजन बंध तुटत असतानाची रचना नोंदवली गेली.

या सगळ्यात माझे मन सर्वाधिक गुंतते ते मात्र मिथेनॉलपाशी. तीव्र स्पंदाने मिथेनॉलमधून दोन इलेक्ट्रॉन काढले, तर सापडणाऱ्या तुकड्यांत तीन हायड्रोजनांचा एक आयन असतो. आंतरतारकीय वायूच्या रसायनात ज्याला मोठे स्थान आहे तोच हा त्रिकोणी आयन, पण येथे तो एका फुटणाऱ्या रेणूच्या पोटात तयार होतो. तो बाहेर पडायचा तर तीन कार्बन-हायड्रोजन बंध, किंवा दोन असे बंध आणि ऑक्सिजन-हायड्रोजन बंध, तुटावे लागतात, आणि त्याच वेळी तीन नवे बंध जुळावे लागतात. जड हायड्रोजनची खूण लावून केलेल्या प्रयोगांत हे दोन्ही मार्ग दिसले आहेत: कधी तिन्ही हायड्रोजन मिथाइल गटातील असतात, तर कधी त्यांपैकी एक ऑक्सिजनकडचा असतो. आकडेमोड आणि मोजमापे मिळून सांगतात ते असे, की आधी दोन हायड्रोजनांचा एक उदासीन रेणू तयार होऊन सुटतो, उरलेल्या दुहेरी आयनाभोवती काही काळ घुटमळतो, आणि मग त्याच्याकडून एक प्रोटॉन खेचून घेऊन निघून जातो. याला शंभराहून अधिक फेम्टोसेकंद लागतात, म्हणजे हायड्रोजनच्या हालचालींच्या मानाने बराच दीर्घ काळ. दोन धनप्रभार एका लहानशा रेणूत अडकलेले असताना तो इतका वेळ धीर धरतो आणि तेवढ्यात नवी रसायनक्रिया उरकतो, हे बिंदुप्रभारांच्या स्फोटाच्या चित्रात कुठेही बसत नाही.

असे घुटमळणे पाहायचे तर दोन स्पंद लागतात: पहिला दुहेरी आयन घडवतो आणि दुसरा, ठरावीक विलंबाने येऊन, त्या क्षणी सगळे कोठे आहे ते सर्व काही फोडून वाचतो. पण उदासीन तुकडा डिटेक्टरला दिसत नाही, त्यालाही आयनीभूत करावे लागते, आणि मग मोजायच्या तुकड्यांची संख्या वाढते. एक तुकडा पकडण्याची डिटेक्टरची क्षमता साधारण निम्मी धरली, तर पाच तुकडे एकत्र पकडले जाण्याची शक्यता शंभरात तीन एवढीच उरते, आणि एका स्पंदात एकाहून कमी रेणू फोडायचा हे बंधन त्यावर आहेच. सेकंदाला हजार स्पंद देणाऱ्या लेसरवर असे प्रयोग अतिशय रखडतात. सेकंदाला लाख स्पंद देणारे आणि तरीही पुरेशी तीव्रता टिकवणारे लेसर आता वापरात येत आहेत, आणि त्यांच्यावर प्रत्येक विलंबाला पुरेशा पाच-पाच तुकड्यांच्या जोडण्या गोळा करता आल्या, तर मिथेनॉलमधील त्या उदासीन हायड्रोजनचा मार्ग पायरीपायरीने काढता येईल.